समरूप आणि एकरूप : आयताच्या मोजमापाची एक प्रदीर्घ कथा



या स्मृतिव्याख्यानमालेतील यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इंदूरच्या मराठी मुलांना गणित शिकवण्यात आयुष्य वेचले. त्यांच्या गुणांचे वर्णन माझ्याहून अधिक अधिकाराने करू शकतील अशी मंडळी समोर बसली आहेत. त्यांच्या फळ्यावर वर्षानुवर्षे जो विषय उमटत राहिला, त्यातीलच एक लहानसा धागा घेऊन त्याचा इतिहास आपल्यापुढे मांडावा, एवढाच माझा आजचा संकल्प आहे.

हा धागा म्हणजे निर्देशक भूमितीतील एक साधे उदाहरण. आलेखकागदावर एक आयत काढला आहे. त्याचे शिरोबिंदू (०, ०), (६, ०), (६, ४) आणि (०, ४). शेजारी दुसरा आयत आहे : (०, ०), (९, ०), (९, ६), (०, ६). प्रश्न असा, की पहिल्या आयताच्या निर्देशकांना कोणत्या संख्येने गुणले असता तो दुसऱ्याशी एकरूप होईल? सहाचे नऊ होतात आणि चाराचे सहा. दोन्हीकडे गुणोत्तर ३/२. म्हणून प्रमाण-गुणक दीड. क्षेत्रफळ मात्र चोविसाचे चोपन्न झाले, म्हणजे सव्वादोनपट, दीडाचा वर्ग. उत्तर मिळाले, विद्यार्थी पुढच्या उदाहरणाकडे वळला.

परंतु या चार ओळींत मानवी बुद्धीला किमान अडीच हजार वर्षे छळणारे तीन प्रश्न दडलेले आहेत. आकार बदलला तरी चालेल, पण क्षेत्रफळ तेच राहिले पाहिजे, हा पहिला. क्षेत्रफळ वाढले तरी चालेल, पण आकार तोच राहिला पाहिजे, हा दुसरा. आणि आकार व क्षेत्रफळ दोन्ही तेच आहे, हे खात्रीने कसे सांगावे, हा तिसरा. पहिला समक्षेत्रतेचा, दुसरा समरूपतेचा आणि तिसरा एकरूपतेचा. या तिन्हींची गल्लत झाली की काय घडते, ते पुढे ओघाने येईलच.

वेदीवरील दोरी

आपल्याकडे या प्रश्नांचा सर्वांत जुना लेखी विचार शुल्बसूत्रांत सापडतो. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन, आपस्तंब, कात्यायन आणि मानव ही त्यांतील प्रमुख सूत्रे. त्यांपैकी बौधायनाचे सूत्र सर्वांत प्राचीन मानले जाते आणि त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी ८०० ते ५०० च्या दरम्यान धरतात. यज्ञवेदी रचणाऱ्यांसाठी लिहिलेली ही सूत्रे आहेत. पंडिती वादासाठी त्यांची रचना झालेली नाही. त्यामुळे त्यांतील भूमिती दोरी, खुंटी आणि विटा यांच्या भाषेत बोलते.

पहिला प्रश्न तेथे असा येतो : दिलेल्या आयताएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस करावयाचा आहे. सूत्रकार सांगतात, की आयताच्या रुंदीएवढा चौरस त्यातून बाजूला काढा. उरलेल्या पट्टीचे दोन सारखे भाग करून ते त्या चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना लावा. आता एक मोठा चौरस जवळजवळ तयार होतो, फक्त त्याचा एक कोपरा रिकामा राहतो. तो रिकामा चौरस मोठ्या चौरसातून वजा करण्याची रीत सूत्रांनी आधीच दिलेली आहे. नऊ लांब आणि चार रुंद आयत घेतला, तर मोठ्या चौरसाची बाजू साडेसहा, कोपऱ्याची अडीच. सव्वाबेचाळिसांतून सव्वासहा गेले, उरले छत्तीस. म्हणजे हव्या असलेल्या चौरसाची बाजू सहा. दोरीच्या टोकावर केलेले हे वर्गमूळ आहे.

आजच्या निर्देशकांच्या भाषेत हेच सांगायचे तर आडव्या दिशेला २/३ ने आणि उभ्या दिशेला ३/२ ने गुणले. दोन गुणकांचा गुणाकार एक, म्हणून क्षेत्रफळ अबाधित. पण गुणक दोन दिशांना वेगळे, म्हणून आकार गेला. क्षेत्रफळ राखण्याची ही किंमत आहे.

दुसरा प्रश्न श्येनचितीच्या संदर्भात उभा राहतो. पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराची ही वेदी. पहिल्या वेळी तिचे क्षेत्रफळ साडेसात वर्गपुरुष असते. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची, १२० अंगुळे. त्यानंतर प्रत्येक वेळी क्षेत्रफळ एका वर्गपुरुषाने वाढवायचे, साडेआठ, साडेनऊ, असे करीत साडेएकशेएकपर्यंत. आणि अट अशी, की पक्ष्याचा आकार तसूभरही बिघडता कामा नये. नुसता एक चौरस कोठेतरी जोडून दिला, असे येथे चालत नाही.

यावर काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. वाढवावयाच्या एका वर्गपुरुषाचे पंधरा भाग करायचे आणि मूळच्या साडेसात चौरसांपैकी प्रत्येक पूर्ण चौरसाला दोन भाग, अर्ध्याला एक भाग द्यायचा. सात दुणे चौदा आणि एक, पंधरा भाग संपले. आता एका चौरसाचे क्षेत्रफळ १७/१५ झाले. त्या नव्या चौरसाची बाजू हाच नवा ‘पुरुष’ मानायचा आणि जुन्याच सूचना शब्दशः पाळून वेदी रचायची. म्हणजे पक्षी वाढवण्याऐवजी मोजपट्टीच वाढवली! प्रमाण-गुणकाची याहून स्वच्छ कल्पना कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल? गुणक १७/१५ चे वर्गमूळ, सुमारे १.०६५. आणि साडेएकशेएकची शेवटची वेदी पहिलीच्या क्षेत्रफळाने साडेतेरापटीहून अधिक असूनही लांबीने केवळ ३.६८ पट भरते. लांबीचा गुणक आणि क्षेत्रफळाचा गुणक यांतील भेद त्या काळच्या वेदीकाराला हस्तामलकवत होता.

यूक्लिडचा कर्ण

ग्रीकांकडे हाच विषय वेगळ्या वाटेने आला. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास यूक्लिडने रचलेल्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाचे सहावे पुस्तक समरूप आकृत्यांना वाहिलेले आहे. ज्या सरळरेषी आकृत्यांचे संगत कोन समान आणि त्या कोनांभोवतीच्या बाजू प्रमाणात, त्या समरूप, अशी त्याने व्याख्या केली. आणि समरूप आकृत्यांची क्षेत्रफळे संगत बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, हे सिद्ध केले. शुल्बकाराने जे हाताने साधले होते, त्याला येथे सिद्धतेचे अधिष्ठान मिळाले.

सहाव्या पुस्तकातील चोविसाव्या प्रमेयाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. समांतरभुज चौकोनाच्या कर्णावर, त्याच कोनात बसणारे लहान समांतरभुज चौकोन काढले, तर ते मोठ्याशी आणि परस्परांशी समरूप असतात. सव्विसावे प्रमेय त्याचा व्यत्यास सांगते. आयतांपुरते बोलायचे तर असे : दोन आयत एकाच कोपऱ्यात, बाजूवर बाजू ठेवून मांडा. समोरचे दोन कोपरे आणि सामाईक कोपरा एका रेषेत आले, तर आयत समरूप. न आले तर नाहीत. मघाच्या उदाहरणात (६, ४) आणि (९, ६) हे दोन्ही बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या एकाच रेषेवर आहेत, तिचा चढ २/३. तिसरा आयत ८ बाय ५ चा घेतला, तर (८, ५) हा बिंदू त्या रेषेच्या किंचित खाली पडतो. सहाचे आठ करणारा गुणक ४/३, चाराचे पाच करणारा ५/४. एका गुणकाने हा आयत कधीच मिळणार नाही. पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि एक पट्टी एवढ्या साहित्यावर हा निर्णय पाचवीच्या मुलालाही देता येतो.

एकरूपतेच्या बाबतीत यूक्लिड अधिक सावध दिसतो. परस्परांवर तंतोतंत बसणाऱ्या गोष्टी समान, हे त्याचे गृहीत. पण एक आकृती उचलून दुसरीवर ठेवणे ही क्रिया त्याने मोजक्याच ठिकाणी वापरली. भूमितीत ‘उचलणे’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तेव्हापासून विद्वानांना सतावीत राहिला. १८९९ मध्ये डेव्हिड हिल्बर्टने भूमितीच्या पायाची नव्याने मांडणी करताना एकरूपतेलाच स्वतंत्र गृहीतकांचे स्थान दिले, ते याच अडचणीतून.

यूक्लिडचा हा ग्रंथ आपल्या माळव्याच्या परिसराशी एका नाजूक दुव्याने जोडलेला आहे. जयपूरचे सवाई जयसिंह यांच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नासिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून त्याचे ‘रेखागणित’ हे पंधरा अध्यायांचे संस्कृत रूपांतर केले. जगन्नाथ पंडित मूळचे महाराष्ट्रीय, असे सांगितले जाते. जयसिंहांनी माळव्याची सुभेदारीही सांभाळली होती, आणि त्यांच्या पाच वेधशाळांपैकी एक येथून जवळ, उज्जैनला उभी आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. आपल्यापैकी बहुतेकांनी ती शाळेच्या सहलीत पाहिली असेल. तिच्या भिंतींवरील अंशांच्या खुणा पाहताना त्यामागे उभ्या असलेल्या ‘रेखागणिता’चेही स्मरण व्हावे.

गुणाकाराची रेषा

या दोन्ही परंपरांत एक मर्यादा होती. दोन लांबींचा गुणाकार म्हणजे आयत, तिहींचा म्हणजे ठोकळा. चार लांबींच्या गुणाकाराला आकृतीच उरत नसे. ही कोंडी फोडली रेने देकार्त याने. १६३७ मध्ये त्याच्या ‘पद्धतीविषयक विवेचना’ला जोडून प्रसिद्ध झालेल्या ‘भूमिती’ या निबंधाच्या पहिल्याच पानांत तो सांगतो, की आधी एक रेषाखंड एकक म्हणून निवडा. मग एका कोनाच्या एका बाजूवर एकक आणि पहिली लांबी, दुसऱ्या बाजूवर दुसरी लांबी मांडा. एककाचे टोक दुसऱ्या लांबीच्या टोकाला जोडा, आणि पहिल्या लांबीच्या टोकातून त्या रेषेला समांतर रेषा काढा. ती दुसरी बाजू जेथे छेदते, तेथवरचे अंतर हाच दोन लांबींचा गुणाकार. हा गुणाकार पुन्हा एक रेषाखंडच आहे, आयत नव्हे.

थोडे थांबून पाहिले, तर ध्यानात येईल की देकार्तने केवळ समरूप त्रिकोण काढले आहेत. एखाद्या लांबीला गुणणे म्हणजे तिला एका प्रमाण-गुणकाने ताणणे. येथे संख्या आणि लांबी यांच्यामधली भिंत पडली. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त त्रैराशिकाची महती गाताना साऱ्या गणिताला व्यापून असलेले तत्त्व म्हणून त्याचा गौरव केला होता, दिव्याच्या उंचीवरून शंकूची छाया काढण्याची उदाहरणेही त्याच तत्त्वावर सोडवली होती. त्रैराशिक आणि समरूप त्रिकोण ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे दोन्हीकडच्या आचार्यांना ठाऊक होते. देकार्तने त्यांतून संपूर्ण बीजगणित भूमितीत उतरवले.

त्याच सुमारास पिएर फर्मानेही समीकरणावरून वक्र काढण्याचा मार्ग शोधला होता. त्याचा निबंध मात्र १६७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. दोघांच्याही आकृत्यांत आपल्या आलेखकागदावरचे दोन काटकोनी अक्ष आणि चार चरण आढळत नाहीत. ऋण निर्देशकांचा मोकळा वापर पुढच्या पिढ्यांनी रूढ केला. न्यूटनच्या १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वक्रांवरील ग्रंथात तो ठळकपणे दिसतो.

निर्देशक आल्याने एक नवी सोय झाली आणि एक नवी फसगतही. सोय ही, की आकृती वाढवणे म्हणजे प्रत्येक निर्देशकाला एका संख्येने गुणणे, एवढेच उरले. फसगत ही, की गुणताना आकृतीची जागाही बदलते. ६ बाय ४ चा तोच आयत (२, १) पासून सुरू होत असेल, तर दीडपट केल्यावर तो (३, १.५) पासून सुरू होतो. आकार आणि माप बरोबर आले, पण दुसऱ्या आयतावर तो बसत नाही. त्याला डावीकडे ३ आणि खाली १.५ सरकवावे लागते. एकरूपतेला जागेशी देणेघेणे नसते. विद्यार्थ्याने हे ओळखले, की निर्देशक वेगळे असूनही आयत एकरूप असू शकतात, तर त्याने भूमितीचा अर्धा गाभा हस्तगत केला, असे मी समजतो.

जमिनीचे आयत

आता मी फळ्यावरून जमिनीवर येतो. १८०२ मध्ये विल्यम लँबटन याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा पोलादी साखळीने मोजली, आणि पुढे भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात ज्याची परिणती झाली, त्या कार्याला आरंभ झाला. दक्षिणेकडून त्रिकोणांची मालिका वर सरकत बीदरजवळ आली. तेथे १८१५ मध्ये आणखी एक आधाररेषा मोजली गेली. १८२३ च्या जानेवारीत लँबटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथे आहे. त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट याने १८२४-२५ मध्ये आपल्या माळव्यातील सिरोंज येथे आधाररेषा मोजली. सिरोंज हल्ली विदिशा जिल्ह्यात मोडते.

या साऱ्या खटाटोपाचे तत्त्व आजच्या विषयाच्या अगदी मर्माशी आहे. डोंगरमाथ्यावरून थिओडोलाइटने कोन मोजले, की त्रिकोणांचा आकार कळतो. परंतु केवळ कोनांवरून माप कधीच कळत नाही. साऱ्या देशभर पसरलेले ते त्रिकोणांचे जाळे हाताच्या तळव्याएवढे आहे की शेकडो मैलांचे, हे कोन सांगत नाहीत. त्यासाठी एक तरी लांबी प्रत्यक्ष जमिनीवर मोजावी लागते. कोनांनी समरूपता दिली, आधाररेषेने गुणक दिला. म्हणूनच साडेसात मैलांच्या एका रेषेसाठी आठवडेच्या आठवडे खर्ची घातले गेले, साखळीवर उन्हाचा परिणाम किती होतो याची नोंद ठेवली गेली. त्या एका रेषेतील दोष पुढच्या प्रत्येक अंतरात त्याच प्रमाणात उतरणार होता.

या सर्वेक्षणातून जे नकाशे झाले, त्यांचे परिचित प्रमाण एका मैलाला एक इंच. मैलात ६३,३६० इंच, म्हणून १:६३,३६०. क्षेत्रफळाच्या हिशेबात हा आकडा वर्गात जातो आणि चारशे एक कोटींच्या वर पोहोचतो. मेट्रिक पद्धती आल्यावर त्या जागी १:५०,००० हे प्रमाण आले. गावांच्या शेतवार नकाशांना याहून मोठे प्रमाण लागते. मैलाला सोळा इंच, म्हणजे १:३९६०, हे त्यांपैकी एक जुने प्रमाण. मेट्रिक काळात त्याच्या जवळचे सोयीचे प्रमाण १:४००० हे होय.

३९६० आणि ४००० यांत फरक तो कितीसा, असे वाटेल. नकाशावर ५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद असे एक आयताकृती शेत घ्या. प्रमाण १:३९६० असेल, तर शेत १९८ मीटर बाय १५८.४ मीटर, म्हणजे ३१,३६३ चौरस मीटर. तेच १:४००० समजून मोजले, तर २०० बाय १६०, म्हणजे ३२,००० चौरस मीटर. लांबीत एक टक्क्याची तफावत, क्षेत्रफळात दोन टक्क्यांची, आणि जमिनीवर ती भरते सव्वासहा गुंठे. सव्वासहा गुंठ्यांवरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे या सभागृहातील वकील मंडळी मला सांगू शकतील.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वाटणीच्या वादात मला नकाशा पाहण्यास बोलावले होते. दोन्ही पक्षांच्या हाती एकाच नकाशाच्या छायाप्रती होत्या. दोहोंवर १:४००० असे छापलेले. परंतु एक प्रत कागदावर मावावी म्हणून यंत्रावर ७१ टक्क्यांपर्यंत लहान केलेली होती. तिच्यावरून मोजले की प्रत्येक शेत निम्म्यावर येई, कारण ०.७१ चा वर्ग सुमारे ०.५०. धाकट्या भावाची ठाम समजूत झाली होती, की थोरल्याने कागदपत्रांत हात मारला आहे. मी दोन्ही प्रती एका कोपऱ्यात जुळवून ठेवल्या, समोरच्या कोपऱ्यांवर पट्टी धरली आणि कर्ण एका रेषेत येतो, हे त्यांना दाखवले. मग नकाशाच्या तळाशी काढलेली मोजपट्टी दोन्ही प्रतींवर मोजली. थोरला गप्प होता. धाकट्याने ती पट्टी स्वतःच्या हाताने पुन्हा दोनदा मोजली. वाद त्या दिवशी मिटला असे नाही, पण लबाडीचा आरोप मात्र तेथे संपला.

या प्रसंगात भूगोलाच्या वर्गातील एक धडा आहे. नकाशावर आकड्यात लिहिलेले प्रमाण छायाप्रतीत तसेच राहते आणि खोटे ठरते. रेषेने काढलेले प्रमाण मात्र नकाशाबरोबर वाढते, नकाशाबरोबर आटते, आणि म्हणून खरे राहते. श्येनचितीच्या रचनाकाराने मोजपट्टीच वाढवली होती, तेच हे तत्त्व.

याहून बिकट अवस्था कागद आटण्याची. जुना कागद हवेतील ओलाव्याने दोन्ही दिशांना सारखा वाढत वा आटत नाही. धाग्यांच्या दिशेने कमी, आडवा अधिक. येथे गुणक दोन झाले. चौरस शेत नकाशावर आयत होते. कोणत्याही एका गुणकाने त्याची दुरुस्ती होत नाही. म्हणून नकाशावर मुळातच ठराविक अंतराच्या उभ्याआडव्या रेषांचे जाळे आखून ठेवतात. ते जाळे मोजून दोन्ही दिशांचा गुणक स्वतंत्रपणे काढता येतो. २००८ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमाखाली भू-अभिलेखांचे संगणकीकरण होत आले आहे. जुने नकाशे यंत्राने टिपून ज्ञात निर्देशकांच्या बिंदूंशी जुळवताना हेच गणित वापरतात. अशा रूपांतरणात सहा अज्ञात संख्या असतात, तीन बिंदूंवरून त्या मिळतात, आणि चौथा बिंदू पडताळ्यासाठी लागतो. हा चौथा बिंदू गाळला, तर संगणक निःशंकपणे चुकीचा नकाशा काढून देईल, आणि त्या नकाशावर कुणाचे तरी शेत असेल.

दुमडलेला ताव

७१ टक्के हा आकडा कोठून आला, हे येथे थोडक्यात सांगतो. १७८६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग याने एका पत्रात अशा कागदाचा उल्लेख केला, की जो मधोमध दुमडला तरी मूळ आकाराशी समरूपच राहतो. त्यासाठी लांबी-रुंदीचे गुणोत्तर दोनाच्या वर्गमूळाएवढे हवे. १९२२ मध्ये जर्मनीने या तत्त्वावर कागदाची मापे प्रमाणित केली, आणि आपला आजचा ए-४ कागद, २१० बाय २९७ मिलिमीटर, त्याच घराण्यातला. ए-३ वरून ए-४ वर यायचे तर गुणक सुमारे ०.७१, उलट जायचे तर १.४१. आपल्या पिढीचा फुलस्केप ताव साडेतेरा बाय सतरा इंचांचा. तो दुमडला की साडेआठ बाय साडेतेरा होई आणि आकार पार बदले. दोनाचे वर्गमूळ शुल्बसूत्रांनी ५७७/४०८ एवढे दिले होते. त्यातील तफावत दशांशाच्या सहाव्या स्थळी सुरू होते. छायाप्रत काढणाऱ्या यंत्राला एवढ्या सूक्ष्मतेची गरजही नसते.

काय टिकते, हा प्रश्न

१८७२ मध्ये एर्लांगेन विद्यापीठात रुजू होताना अवघ्या तेवीस वर्षांच्या फेलिक्स क्लाइनने या साऱ्या विचारांना एका सूत्रात ओवले. भूमिती म्हणजे विशिष्ट रूपांतरणांच्या गटाखाली अबाधित राहणाऱ्या गुणधर्मांचा अभ्यास, हे त्याचे सांगणे. सरकवणे, फिरवणे, परावर्तित करणे एवढीच मुभा दिली, तर लांबी, कोन, क्षेत्रफळ सारे टिकते; ही एकरूपतेची भूमिती. त्यात सर्व दिशांना सारखे ताणण्याची मुभा मिळवली, तर लांबी जाते, पण कोन आणि गुणोत्तरे टिकतात, ही समरूपतेची. वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळे ताणू दिले, तर कोनही जातात. समांतरता आणि क्षेत्रफळांची परस्पर गुणोत्तरे तेवढी उरतात. आटलेल्या नकाशावरचे शेत याच तिसऱ्या भूमितीतले. म्हणूनच त्याची लांबी आणि कोन विश्वासार्ह नसतात, पण ते शेजारच्या शेताच्या दुप्पट आहे की तिप्पट, हे मात्र त्या नकाशावरूनही खरे सांगता येते.

‘काय बदलले?’ याऐवजी ‘काय टिकले?’ असे विचारायला क्लाइनने शिकवले. आयताच्या उदाहरणाचे खरे मोल येथे आहे. मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे करणाऱ्या आजच्या मुलाला गुणक हाताने काढण्याची गरज नाही, असे कुणी म्हणेल. पण पडद्यावर मोठे झालेले चित्र खरे किती मोठे, आणि ते मूळ आकाराशी प्रामाणिक आहे की ओढूनताणून बसवलेले, हे त्यालाच ठरवावे लागणार आहे.

शब्दांचा प्रमाण-गुणक

शेवटी एक मुद्दा आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी समाजाच्या जिव्हाळ्याचा. मराठी पाठ्यपुस्तकांत आपण ‘समरूप’ आणि ‘एकरूप’ हे शब्द वापरतो. गुजरातीतही हीच जोडी आहे, त्यामुळे वडोदऱ्याच्या मराठी मुलाला अडचण पडत नाही. हिंदीत मात्र ‘समरूप’ तेच राहते आणि ‘एकरूप’ऐवजी ‘सर्वांगसम’ येते. कन्नडमध्ये ‘समरूप’ आणि ‘सर्वसम’ अशी जोडी आहे. इंदूर, ग्वाल्हेर वा बेळगावचा विद्यार्थी मराठी वर्गातून बाहेर पडला, की ‘एकरूप’ हा शब्द त्याच्यापुरता अचानक बदलतो. व्यवहारातल्या भाषेत ‘समरूप’ आणि ‘एकरूप’ जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जात असल्याने गोंधळात आणखी भर पडते.

यावर कोणता शब्द श्रेष्ठ, असा वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. ‘सर्वांगसम’ हा शब्द बाजू, कोन, क्षेत्रफळ ही सर्व अंगे मोजून दाखवतो. ‘एकरूप’ हा शब्द दोन आकृत्या परस्परांवर ठेवल्यावर त्या दोन उरत नाहीत, हे सुचवतो. मुलाला दोन्ही द्यावेत. ज्याला संकल्पना पक्की कळली, त्याच्या ज्ञानाचा आकार भाषा बदलल्याने बिघडत नाही. ज्याने केवळ शब्द पाठ केला, त्याची अवस्था आकड्यात लिहिलेल्या प्रमाणासारखी होते. प्रत बदलली की ते खोटे पडते. आपल्या शाळांनी मातृभाषेत गणित शिकवण्याचा आग्रह धरला, तो संकल्पना पक्की होण्यासाठी. तो आग्रह चालू ठेवायचा, तर शेजारच्या भाषेतला शब्दही त्याच तासाला फळ्यावर लिहिला पाहिजे.

स्मृती जतन करण्याच्या रीती अनेक आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापन केला. त्याने पुतळा उभारला नाही, अध्यापनाची व्यवस्था केली. या संस्थेनेही आपल्या गुरुजींसाठी दरवर्षी एका व्याख्यानाची आणि गणिताच्या पारितोषिकाची योजना केली, तिची जातकुळी तीच आहे. मठ मोठा होता, आपली शाळा लहान आहे. पण दोहोंचा कर्ण एकाच रेषेवर आहे, आणि गुणक वाढवणे आपणा माजी विद्यार्थ्यांच्या हाती आहे.